देवांच्या मूर्ती आणि चित्रकाराचा खडू

१५०६ सालच्या जानेवारी महिन्यात रोम शहरातील एस्क्विलिन टेकडीवर, फेलिचे दे फ्रेदिस नावाच्या गृहस्थाच्या द्राक्षमळ्यात, खणताना जमिनीखाली संगमरवरी मूर्तींचा एक समूह लागला. ही वार्ता पोप दुसरे ज्युलियस यांच्या कानी जाताच त्यांनी जुलियानो दा सांगाल्लो या वास्तुतज्ज्ञाला पाहणीसाठी धाडले. जुलियानोने आपल्याबरोबर मायकेलअँजेलोला घेतले आणि आपल्या लहान मुलालाही नेले. त्या मुलाने, म्हणजे फ्रान्चेस्कोने, पुढे साठ वर्षांनी, १५६७ साली लिहिलेल्या एका पत्रात त्या दिवसाची हकीकत नमूद करून ठेवली आहे. खड्ड्यात दृष्टी पडताक्षणीच वडिलांनी ओळखले की, प्राचीन रोमन ग्रंथकार प्लिनी याने ज्याची स्तुती केली तोच हा लाओकोऊन. मूर्ती वर काढता यावी म्हणून खड्डा रुंद करण्यात आला. यापुढील एका शब्दाविषयी अभ्यासकांत मोठा गमतीचा मतभेद आहे. इटालियन भाषेत 'जेवणे' आणि 'चित्र काढणे' या दोन क्रियापदांत एकदोन अक्षरांचेच अंतर आहे. त्यामुळे मूर्ती पाहून मंडळी जेवावयास परतली असे कोणी वाचतात, तर मूर्ती पाहताच मंडळी ती कागदावर रेखाटू लागली असे कोणी वाचतात. पाठ कोणताही स्वीकारला तरी त्यानंतरच्या चारशे वर्षांचा इतिहास मात्र दुसऱ्या पाठाच्याच बाजूने साक्ष देतो. जमिनीतून एखादी प्राचीन मूर्ती वर यावी आणि तिच्याभोवती कागद व खडू घेतलेल्या चित्रकारांनी गर्दी करावी, हा क्रम युरोपात त्या दिवसापासून जणू नित्याचाच झाला.

या मूर्ती कशाच्या होत्या, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. ग्रीक व रोमन पुराणांतील देव, वीर आणि अप्सरा हे त्यांचे विषय. त्या पुराणकथा ओव्हिड या लॅटिन कवीने इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आरंभी एका प्रदीर्घ काव्यात गुंफल्या, आणि पुढील सर्व कलावंतांनी त्या बहुतांशी तेथूनच उचलल्या. त्या काव्यात लालसा आणि सत्ता या दोन गोष्टी एकमेकींपासून क्वचितच वेगळ्या आढळतात. एखाद्या देवाला एखादी कन्या आवडते, ती पळते, तो पाठलाग करतो, आणि अखेरीस ती कोठे झाड होते, कोठे बोरू होते, कोठे पाताळाची राणी होते. ज्याच्या ठायी सामर्थ्य आहे त्याची इच्छा हीच आज्ञा ठरते आणि जिच्या ठायी ते नाही तिला आपले रूप टाकावे लागते.

आपल्या भाषेतही या प्रकारच्या कथांना 'हरण' असा एकच शब्द आहे. परंतु रुक्मिणीचे हरण निराळे आणि सीतेचे हरण निराळे. रुक्मिणीने स्वतः पत्र लिहून श्रीकृष्णाला बोलावले होते, सीतेला रावणाने कपटाने उचलून नेले होते. शब्द एकच असल्याने कथा ऐकणाऱ्यालाच तारतम्य बाळगावे लागते. लॅटिनमधील त्या अर्थाचा शब्दही असाच दुतोंडी आहे. त्याचा मूळ अर्थ झडप घालून नेणे एवढाच असून, नेलेल्या स्त्रीची संमती होती की नव्हती याविषयी तो मौन पाळतो. शिल्पकाराला मात्र असे मौन पाळता येत नाही. त्याला हात दाखवावे लागतात, बोटे दाखवावी लागतात, मुद्रा दाखवावी लागते.

आता या मूर्तींचे धनी कोण होते ते पाहू. लाओकोऊन सापडल्यावर पोप ज्युलियस यांनी तो विकत घेऊन व्हॅटिकनमधील बेल्वेदेरे नावाच्या प्रासादाच्या अंगणात स्थापिला. मळ्याच्या मालकाला त्याबद्दल शहराच्या एका वेशीवरील जकातीचे उत्पन्न मिळाले. त्याच अंगणात अपोलोची ती जगविख्यात मूर्तीही आली, जिला त्या स्थळावरून 'बेल्वेदेरेचा अपोलो' असे म्हणतात. कार्डिनल, सरदार आणि सावकार यांच्यात अशा मूर्ती जमविण्याची अहमहमिका लागली. प्राचीन साम्राज्याचे देव ज्याच्या अंगणात उभे, तो त्या साम्राज्याचा वारस, असा एक अबोल दावा या हौसेमागे होता.

हा दावा किती उघड होऊ शकतो याचे उत्तम उदाहरण फ्लोरेन्स शहरात सापडते. तेथून मेदिची घराण्याची सत्ता १४९४ साली उखडली गेली, आणि दुसऱ्याच वर्षी प्रजासत्ताकाने दोनातेल्लोची एक मूर्ती मेदिचींच्या वाड्यातून आणून नगरसभेच्या दारापुढे उभारली. जुलुमी सेनापती होलोफर्नेस याचा शिरच्छेद करणाऱ्या यूदिथ या विधवेची ती मूर्ती. बायबलमधील या कथेत दुर्बळ स्त्री सामर्थ्यवानाचा अंत करते. त्यामुळे ती जुलूमशाहीला दिलेला इशारा म्हणून तेथे उभी राहिली. परंतु १५०४ साली मायकेलअँजेलोच्या डेव्हिडला कोठे जागा द्यावी याचा विचार करण्यासाठी भरलेल्या सभेत नगराच्या एका अधिकाऱ्याने सांगितले की, यूदिथची मूर्ती अशुभ आहे, आणि स्त्रीने पुरुषाचा वध करावा हे शोभत नाही. यूदिथ तेथून हलली आणि १५०६ साली समोरच्या कमानींच्या सज्जात गेली. मेदिची पुन्हा गादीवर आले, ड्यूक झाले. १५५४ साली त्याच सज्जात चेल्लीनीने केलेला ब्राँझचा पर्सियस उभा राहिला. त्याच्या उंचावलेल्या हातात मेदूसा या स्त्रीचे छाटलेले मस्तक आहे. पुढे १५८३ साली यूदिथला त्या कमानीतूनही हलवून तिच्या जागी जाम्बोलोन्या या शिल्पकाराचा एक नवा समूह बसविण्यात आला. त्यात एक तरुण एका स्त्रीला उचलून नेत आहे आणि त्याच्या पायाशी एक वृद्ध हतबल होऊन वाकला आहे. एका चौकात नव्वद वर्षांच्या अवधीत मूर्तींची ही जी अदलाबदल झाली, ती पाहिली म्हणजे त्या नगराच्या राज्यक्रांतीचा इतिहास निराळा वाचण्याची आवश्यकता राहात नाही.

जाम्बोलोन्याच्या त्या समूहाविषयी एक गोष्ट विशेष सांगण्याजोगी आहे. मूर्ती घडवून झाली तेव्हा तिला नावच नव्हते. त्यापूर्वी १५७९ साली याच विषयाच्या एका लहान ब्राँझ-मूर्तीविषयी लिहिताना त्याने स्वतःच म्हटले होते की, तिला हेलनचे हरण म्हणता येईल, प्रोसर्पिनाचे म्हणता येईल, किंवा सॅबाइन स्त्रीचे म्हणता येईल. आपले कसब दाखविण्यास वाव मिळावा म्हणून त्याने तो विषय निवडला होता. मोठ्या समूहाला 'सॅबाइन स्त्रीचे हरण' हे नाव एका विद्वान मित्राच्या सूचनेवरून मागाहून मिळाले. शिल्पकाराच्या दृष्टीने तीन शरीरे एका दगडातून नागमोडी वर चढविणे हे महत्त्वाचे होते, उचलून नेलेली स्त्री कोण हा प्रश्न गौण होता. तिची वेदना ही कसबाची संधी झाली, ही गोष्ट त्या अप्रतिम कृतीची स्तुती करतानाही विसरता येत नाही.

तथापि हा समूह अशा रीतीने घडविला आहे की, एका जागी उभे राहून तो पुरता दिसतच नाही. एका बाजूने विजयी तरुण दिसतो, दुसऱ्या बाजूने आकाशाकडे हात उंचावून टाहो फोडणारी स्त्री दिसते, तिसऱ्या बाजूने खाली चिरडलेला म्हातारा दिसतो. त्याचे चित्र काढू इच्छिणाऱ्याला भोवती प्रदक्षिणा घालणे भागच होते. आंद्रेआ आंद्रेआनी या कलावंताने दुसऱ्याच वर्षी, १५८४ साली, लाकडी ठशांवरून या समूहाची वेगवेगळ्या बाजूंनी दिसणारी चित्रे छापली. मूर्तीचे दर्शन कोणत्या बाजूने घडावे हे तिचा धनी ठरवितो, आणि कागद हाती घेतलेला मनुष्य त्या मर्यादेबाहेर पाऊल टाकू शकतो, याची ही पहिली स्पष्ट खूण होय.

या दृष्टीने हेंड्रिक गोल्टझिउस या डच कलावंताची रोमयात्रा फार उद्बोधक आहे. १५५८ साली जन्मलेल्या या मनुष्याचा उजवा हात बालपणी आगीत पडून भाजला होता आणि बोटे आखडून गेली होती. त्याच हाताने तो तांब्याच्या पत्र्यावर इतके सूक्ष्म कोरीव काम करी की, त्याची कीर्ती सर्व युरोपभर झाली. १५९० साली तो इटलीकडे निघाला. त्याचा समकालीन चरित्रकार कारेल व्हान मांडर सांगतो की, कोणी ओळखू नये म्हणून त्याने आपल्या नोकराला धनी केले आणि स्वतः नोकर झाला. रोमला तो पोचला तेव्हा तेथे भयंकर दुष्काळ आणि रोगराई होती. माणसे रस्त्यात मरून पडत होती. गोल्टझिउस त्या दुर्गंधीत, मरणाऱ्यांच्या सन्निध बसून, प्राचीन मूर्ती रेखाटीत राहिला. एखाद्या गरीब परदेशी उमेदवाराची फजिती पाहावी म्हणून रोममधील तरुण चित्रकार त्याच्या खांद्यावरून डोकावत, आणि कागदावरील काम पाहून स्तब्ध होत, असेही व्हान मांडरने लिहून ठेवले आहे.

त्या दिवसांत त्याने काळ्या व लाल खडूने काढलेली चाळीसहून अधिक रेखाटने आज नेदरलँड्समधील हार्लेम येथील टेलर संग्रहालयात आहेत. पुढे त्यांतील फक्त तीन मूर्ती त्याने तांब्यावर कोरल्या. त्यांपैकी एक म्हणजे फार्नेसे घराण्याच्या वाड्यातील हर्क्युलीस. ही मूर्ती १५४६ सालच्या सुमारास सम्राट काराकाल्ला याच्या स्नानगृहाच्या भग्नावशेषांत सापडली, आणि पोप तिसरे पॉल यांचा नातू कार्डिनल आलेस्सांद्रो फार्नेसे याच्या संग्रहात गेली. मूर्तीची उंची तीन मीटरहून अधिक आहे. बळाचे मूर्तिमंत रूप म्हणून तिची ख्याती होती, आणि ज्या घराण्याला आपले बळ मिरवावयाचे होते त्याच्या अंगणात ती शोभूनही दिसत होती.

समोरून पाहणाऱ्याला दिसते ते असे: प्रचंड खांदे, पर्वताप्रमाणे छाती, आणि काखेखाली गदेचा आधार घेऊन उभा असलेला वीर. परंतु मस्तक खाली झुकलेले आहे. हा विजेता थकलेला आहे. उजवा हात पाठीमागे गेला आहे, आणि त्या हातात काय आहे हे समोरून कळत नाही. गोल्टझिउस पाठीमागे गेला. त्याच्या कोरीव चित्रात वीराची विशाल पाठ आपल्यासमोर येते आणि पाठीमागे लपविलेल्या मुठीत हेस्परिदींच्या बागेतील सोन्याची फळे दिसतात. तीच फळे आणण्यासाठी त्याने आपल्या अवघड कामगिऱ्यांपैकी एक पार पाडली होती. एवढ्या कष्टांनी मिळविलेली वस्तू हाती आली, आणि वीर मान खाली घालून उभा आहे. चित्राच्या खालच्या कोपऱ्यात दोन माणसे वर तोंड करून मूर्तीच्या पुढील बाजूकडे थक्क होऊन पाहात आहेत. त्यांना बळ दिसत आहे, आणि चित्र पाहणाऱ्याला त्या बळाच्या पाठीमागे काय आहे ते दिसत आहे. बाहेर रस्त्यावर माणसे अन्नावाचून मरत असताना ज्याने ही फळे रेखाटली, त्याच्या मनात काय आले असेल ते त्याने लिहून ठेवलेले नाही. मात्र त्याने निवडलेली बाजू आपल्यासमोर आहे.

गोल्टझिउसनंतर दहा वर्षांनी, १६०१ साली, पीटर पॉल रूबेन्स हा तरुण फ्लेमिश चित्रकार रोमला आला. त्याने लाओकोऊनची रेखाटने अनेक बाजूंनी, वरून, खालून, पाठीमागून केली. लाओकोऊन हा ट्रॉय नगरीचा पुरोहित. ग्रीकांनी सोडलेला लाकडी घोडा नगरात घेऊ नका, असे त्याने आपल्या लोकांना बजावले. सत्य सांगितल्याचे प्रायश्चित्त म्हणून देवांनी सागरातून दोन सर्प पाठविले आणि त्या सर्पांनी त्याला व त्याच्या दोघा पुत्रांना विळखा घातला. येथे लालसा नाही, केवळ सत्तेचा कोप आहे. रूबेन्सने प्राचीन मूर्तींच्या अभ्यासाविषयी लॅटिनमध्ये एक छोटा निबंध लिहिला असून त्यात त्याने चित्रकारांना इशारा दिला आहे की, मूर्तींपासून शिका, परंतु तुमच्या चित्राला दगडाचा वास येता कामा नये. त्याच्या रेखाटनांतील लाओकोऊनची त्वचा खरोखरच जिवंत वाटते. संगमरवरी पुरोहिताला त्याने पुन्हा यातना भोगणारा मनुष्य केले.

या मूर्तीच्या उजव्या हाताची कथा तर आणखी बोधप्रद आहे. सापडली तेव्हा मूर्तीला तो हात नव्हता. १५३२ च्या सुमारास मोंतोर्सोली या शिल्पकाराने तो नवा करून बसविला, तो वर उंचावलेला, जणू देवांना आव्हान देणारा. म्हणून त्यानंतरच्या रेखाटनांत लाओकोऊन अखेरपर्यंत झुंजणारा वीर दिसतो. मूळ हात १९०६ साली लुडविग पोलाक या पुराणवस्तुतज्ज्ञाला रोममध्ये सापडला. तो कोपरात दुमडून मस्तकामागे गेलेला होता. १९५७ नंतरच्या दुरुस्तीत तो मूर्तीला जोडण्यात आला, आणि वीराच्या जागी वेदनेने आखडलेला पिता पुन्हा दिसू लागला. प्रत्येक युगाने या पुरोहिताकडून काय अपेक्षिले याची नोंद त्या त्या काळच्या रेखाटनांत आपोआप राहून गेली आहे.

मूर्ती रेखाटून रेखाटून ज्याचा हात घडला असा सर्वांत मोठा शिल्पकार म्हणजे जान लोरेन्झो बेर्नीनी. बालपणी तो सकाळपासून सायंप्रार्थनेची घंटा होईपर्यंत व्हॅटिकनमध्ये प्राचीन मूर्तींची चित्रे काढीत बसे, असे त्याच्या मुलाने लिहिलेल्या चरित्रात आहे. १६२१ ते १६२५ या काळात, पंचविशीच्या आसपास, त्याने कार्डिनल शिपिओने बोर्गेसे याच्यासाठी दोन समूह घडविले. पहिल्यात पाताळाचा राजा प्लूटो प्रोसर्पिनेला उचलून नेत आहे. त्याची बोटे तिच्या मांडीत रुतली आहेत, तिच्या गालावर संगमरवराचे अश्रू आहेत, आणि तिचा तळहात त्याचे तोंड दूर ढकलीत आहे. दुसऱ्यात डाफ्नेचा पाठलाग करणारा अपोलो तिला स्पर्श करतो त्याच क्षणी तिच्या बोटांना पालवी फुटते, पायांची मुळे होतात, आणि देवाच्या हाताखाली झाडाची साल येते. अपोलोचे मुख बेल्वेदेरेच्या अपोलोवरून घेतलेले आहे. बालपणी रेखाटलेला तो शांत, विजयी देव येथे धावत आहे, आणि त्याच्या हाती काही लागत नाही.

शिपिओने बोर्गेसे हा पोप पाचवे पॉल यांचा भाचा. १६२१ साली पोप निवर्तले आणि दुसऱ्या घराण्यातील पोप आले. शिपिओनेची सत्ता एका दिवसात ओसरली. तेव्हा १६२२ साली त्याने प्लूटो व प्रोसर्पिनेचा समूह नव्या पोपांचा पुतण्या कार्डिनल लुदोविको लुदोव्हिसी याला भेट म्हणून पाठविला. बळाने नेलेल्या कन्येची मूर्ती अशा रीतीने मर्जी संपादण्यासाठी एका वाड्यातून दुसऱ्या वाड्यात गेली, आणि पुढे जवळजवळ तीनशे वर्षे तेथेच राहिली. इटलीच्या सरकारने ती १९०८ साली विकत घेऊन पुन्हा बोर्गेसे संग्रहात आणली.

डाफ्नेच्या मूर्तीखाली एक लॅटिन द्विपदी कोरलेली आहे. ती कार्डिनल माफ्फेओ बार्बेरीनी याने रचली, जो पुढे पोप आठवे अर्बन झाला. क्षणिक सुखांच्या मागे धावणाऱ्याच्या हाती शेवटी पाने आणि कडू फळेच येतात, असा तिचा भावार्थ. धर्माधिकाऱ्याच्या घरात अशी मूर्ती असावी याचे समाधान त्या ओळींनी झाले. परंतु ही शिकवण सर्वस्वी अपोलोला उद्देशून आहे. त्याच्या हाती पाने आली हे खरे, पण डाफ्नेचे सारे शरीरच गेले, याविषयी त्या द्विपदीत अक्षर नाही. मूर्तीतील तिचे उघडे तोंड तेवढे ते सांगते. आणखी एका गोष्टीचाही उल्लेख तेथे नाही. त्या पानांचे व मुळांचे काचेसारखे नाजूक कोरीवकाम बेर्नीनीच्या हाताखालील जुल्यानो फिनेल्ली याच्या छिन्नीचे होते. श्रेय न मिळाल्यामुळे तो पुढे ती कार्यशाळा सोडून गेला.

मूर्तींच्या विषयातील लालसा आणि मूर्तींच्या स्वामित्वाची लालसा यांचे नाते नेपोलियनने तर उघडच केले. १७९७ सालच्या तोलेन्तीनोच्या तहान्वये व्हॅटिकनमधील उत्तमोत्तम मूर्ती फ्रान्सच्या हवाली कराव्या लागल्या. १७९८ साली लाओकोऊन आणि अपोलो यांची पॅरिसच्या रस्त्यांतून विजयाच्या थाटात मिरवणूक निघाली. हा सर्व संग्रह लूव्र येथे मांडण्यात आला. नेपोलियनचा पाडाव झाल्यावर १८१५ साली शिल्पकार कानोव्हा याने पॅरिसला जाऊन मोठ्या खटपटीने त्यांतील मुख्य मूर्ती परत मिळविल्या. मूर्ती ज्याची, तो जिंकला की ती त्याच्याकडे राहणार, तो हरला की जाणार. रेखाटन मात्र असे आहे की, ते नेल्याने मूर्तीतील कपचाही कमी होत नाही आणि दुसरा कोणी त्याला मुकत नाही. गोल्टझिउसने रोममधून जे नेले त्यासाठी कोणालाही तह करावा लागला नाही.

येथवर ज्या चित्रकारांची नावे आली ते सर्व पुरुष होते, आणि ही गोष्ट योगायोगाची नव्हे. मनुष्याकृती रेखाटण्यासाठी नग्न देहाचा अभ्यास आवश्यक मानला जाई, आणि तो अभ्यासवर्ग स्त्रियांना बंद होता. १७६८ साली लंडनची रॉयल अकादमी स्थापन झाली तेव्हा तिच्या संस्थापक सभासदांत आंजेलिका काउफमान आणि मेरी मोझर या दोन स्त्रिया होत्या. परंतु झोफानी या चित्रकाराने तीनचार वर्षांनी अकादमीचे सामूहिक चित्र रंगविले, त्यात सभासद जिवंत नमुन्याभोवती जमलेले आहेत आणि या दोघी मात्र भिंतीवर टांगलेल्या तसबिरींच्या रूपाने उपस्थित आहेत. अकादमीतील विद्यार्थिनींना जिवंत नमुन्यावरून, तोही वस्त्राच्छादित, चित्र काढण्याची परवानगी १८९३ साली मिळाली. तोवर त्यांना दगडाचे देव आणि त्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती यांवरच भागवावे लागे.

त्याच आंजेलिका काउफमानने १७७८ ते १७८० या काळात अकादमीच्या छतासाठी चार चित्रे केली. त्यांपैकी 'रेखाटन' या विषयाच्या चित्रात एक तरुणी प्राचीन मूर्ती पाहून चित्र काढीत बसली आहे. तिच्यापुढे आहे बेल्वेदेरेचा प्रसिद्ध 'तोर्सो', म्हणजे मस्तक, हात आणि गुडघ्याखालील पाय नसलेले एका बलाढ्य पुरुषाचे धड. शतकानुशतके पुरुषांनी पळणाऱ्या स्त्रीची चित्रे काढली. येथे स्त्री स्वस्थ बसली आहे, हातात लेखणी आहे, आणि समोरचे बळ भग्न झालेले आहे. तिच्या दृष्टीत पाठलाग नाही, अभ्यास आहे. सत्ता आणि दृष्टी यांचे जुने नाते या छोट्याशा चित्रात उलटे झाले आहे.

हीच परंपरा समुद्र ओलांडून मुंबईस आली. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली तेथे कलाशाळा सुरू झाली, आणि ग्रीक व रोमन मूर्तींच्या प्लास्टरच्या प्रतिकृती तिच्या दालनांत उभ्या राहिल्या. विद्यार्थी त्यांना पाहून छायाप्रकाशाचा अभ्यास करीत. समोरच्या बंदरापलीकडे घारापुरीच्या लेण्यात शिवपार्वतीच्या मूर्ती असताना कोकणातून आणि देशावरून आलेल्या मुलांनी अपोलो रेखाटावा, हाही सत्तेचाच एक प्रकार होता, यात शंका नाही. परंतु ज्या हातांनी ते रेखाटले ते हात तेथेच थांबले नाहीत. त्या शाळेत शिकलेले गणपतराव म्हात्रे यांनी १८९६ साली 'मंदिरपथगामिनी' घडविली, ती नऊवारी लुगडे नेसून पूजेस निघालेली महाराष्ट्रीय तरुणी आहे. एका पायावर भार देऊन उभे राहण्याची तिची ढब ग्रीक मूर्तींची आठवण करून देते. मात्र तिच्यामागे कोणी धावत नाही. ती आपल्या वाटेने, आपल्या इच्छेने चालली आहे. पुढे याच शाळेत अंबिका धुरंधर आणि गोमंतकीय घराण्यातील अँजेला त्रिंदाद यांसारख्या स्त्रियाही शिकल्या, आणि दोघींनी चित्रकर्ती म्हणून नाव मिळविले.

आज फार्नेसे हर्क्युलीस नेपल्सच्या पुराणवस्तुसंग्रहालयात आहे. त्याचे पायही आता त्याचेच आहेत. गोल्टझिउसच्या काळी ते दुसऱ्या शिल्पकाराने केलेले होते, आणि मूळ पाय १७८७ साली जोडण्यात आले. मूर्ती आता कोणा कार्डिनलची वा राजाची राहिली नसून कोणीही तिकीट काढून ती पाहू शकतो. बहुतेक प्रेक्षक समोर उभे राहतात, मान वर करतात आणि पुढे जातात. वळसा घालून पाठीमागे जाणारे थोडे असतात. त्यांना चारशे वर्षांपूर्वी भाजलेल्या हाताच्या एका परदेशी कारागिराने जे दाखविले तेच दिसते: थकलेल्या वीराची पाठ, आणि त्याने मुठीत लपविलेली फळे.